दोन रीतींचे एकीकरण : देवासच्या रस्त्यापासून संगणकाच्या पडद्यापर्यंत



ज्या गुरुवर्यांच्या स्मृतीसाठी आपण येथे एकत्र जमलो आहोत, त्यांची एक सवय माझ्या पिढीतील विद्यार्थ्यांना अजून आठवत असेल. गणिताचे उत्तर चुकले, तर ते उत्तरावर फुली मारीत नसत. जेथे वाट चुकली त्या पायरीवर बोट ठेवून ते म्हणत, "येथपर्यंत बरोबर आलास. आता येथून पुढे पाहू." पुढे कारखान्यांच्या कार्यपद्धतींचे आराखडे काढणे आणि ते एकमेकांशी जुळविणे हाच माझा व्यवसाय झाला. त्या व्यवसायात ही सवय मला जितकी उपयोगी पडली, तितके दुसरे काहीही पडले नाही. म्हणून आजच्या व्याख्यानासाठी मी विषय निवडला तो हाच : एकाच कामाच्या दोन रीती एक करावयाच्या झाल्या, तर त्यांतील तंटे कसे सोडवावेत?

विषय संगणकाचा आहे. परंतु त्याचा आरंभ मी आपल्या गावापासून करणार आहे.

एक गाव, दोन कारभार

इ. स. १७२८ च्या सुमारास, पहिल्या बाजीराव पेशव्यांबरोबर माळव्यात आलेल्या तुकोजी व जिवाजी पवार ह्या दोघा बंधूंनी देवासचे राज्य स्थापिले. तुकोजींच्या वंशाची ती थोरली पाती आणि जिवाजींच्या वंशाची ती धाकटी पाती. १८१८ मध्ये इंग्रजांशी तह झाला, तो दोघांशी मिळून एकच. १८४१ नंतर मात्र दोन्ही पाती आपापल्या हिश्शाचा कारभार स्वतंत्र राज्य म्हणून पाहू लागल्या. १९०१ च्या खानेसुमारीत थोरल्या पातीचे क्षेत्रफळ ४४६ चौरस मैल व लोकसंख्या ६२,३१२, तर धाकट्या पातीचे क्षेत्रफळ ४४० चौरस मैल व लोकसंख्या ५४,९०४ अशी नोंद झाली. जमिनी एकमेकींत गुंतलेल्या आणि राजधानी तर एकच! गावातील मुख्य रस्त्याच्या एका बाजूस एका पातीचा अंमल, दुसऱ्या बाजूस दुसरीचा. पाण्याची आणि दिवाबत्तीची व्यवस्थासुद्धा दोन्ही बाजूंस निरनिराळी. १९२१ मध्ये थोरल्या पातीच्या महाराजांचे खाजगी चिटणीस म्हणून येथे राहिलेले इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर ह्यांनी पुढे १९५३ मध्ये 'द हिल ऑफ देवी' ह्या पुस्तकात ह्या दुहेरी दरबाराची हकीकत जगापुढे मांडली. शेजारच्या धारेतही राज्य पवारांचेच; परंतु तेथे गादी एक असल्यामुळे हा प्रश्न उद्भवला नाही.

२८ मे १९४८ रोजी मध्यभारत संघराज्याचे उद्घाटन झाले. पंचवीस संस्थानांच्या ह्या संघात धार आले, देवासच्या दोन्ही पातीही आल्या. राज्यांच्या सीमा नकाशावरून पुसल्या गेल्या. परंतु सीमा पुसणे सोपे आणि रीती एक करणे अवघड असते. ज्या कचेरीत काल दोन दप्तरे होती, तेथे आज एक व्हावयाचे आहे, अशी आपण कल्पना करावी. एका दप्तरात अर्ज आधी तपासून मग नोंदवीत असतील, दुसऱ्यात आधी नोंदवून मग तपासीत असतील. एका ठिकाणी दोन सह्या लागत असतील, दुसऱ्या ठिकाणी एकच. कारकुनाने काय करावे? थोड्या पायऱ्या येथून आणि थोड्या तेथून उचलून नवी रीत बनवावी काय? वरवर पाहता हा मार्ग न्यायाचा वाटतो, परंतु बहुतेक अनर्थ नेमका येथूनच सुरू होतो.

आराखडा म्हणजे काय?

आज कार्यालये, बँका आणि कारखाने आपली कामाची रीत चित्ररूपाने संगणकावर मांडून ठेवतात. चौकट म्हणजे एक काम. बाण म्हणजे त्यापुढचे काम. आणि चौकोनी हिऱ्याच्या आकाराचे चिन्ह म्हणजे जेथे वाट फुटते किंवा वाटा मिळतात ती जागा. ह्या चिन्हांची एक सर्वमान्य लिपी २००४ मध्ये प्रसिद्ध झाली आणि २०११ मध्ये तिची दुसरी, अधिक नेमकी आवृत्ती आली. तिला बीपीएमएन असे म्हणतात. वाट फुटते त्या जागेस मी फाटा म्हणेन आणि वाटा मिळतात त्या जागेस संगम म्हणेन.

फाटे मुख्यतः दोन प्रकारचे असतात. पहिला 'दोन्हीकडे जा' असे सांगतो, म्हणजे दोन कामे एकाच वेळी चालतात. दुसरा 'ह्यांपैकी एकीकडे जा' असे सांगतो. संगमही मुख्यतः दोन प्रकारचे. पहिला दोन्ही वाटांवरचे कागद येईपर्यंत थांबतो. दुसरा जो कागद येईल त्यास लगेच पुढे सोडतो. एवढे चार शब्द ध्यानात ठेविले की पुढचे सारे समजेल.

तीन कागद

समजा, एका शिक्षणसंस्थेच्या दोन शाखा आहेत आणि शाळा सोडल्याचा दाखला देण्याची त्यांची मूळ रीत एकच होती. अर्ज घ्यावा, फीची बाकी तपासावी, मग ग्रंथालयाची पुस्तके परत आली की नाही ते तपासावे, मुख्याध्यापकांची सही घ्यावी आणि दाखला द्यावा. काही वर्षांनी दोन्ही शाखांनी आपापल्या सोयीने ही रीत बदलली. आता संस्थेस पुन्हा एकच रीत हवी आहे.

येथे पहिला नियम असा की, टेबलावर दोन नव्हे, तीन कागद ठेवावेत. पहिल्या शाखेचा, दुसऱ्या शाखेचा आणि दोघींचा मूळ कागद. मूळ कागद नसेल, तर एखादी पायरी एका शाखेत आहे आणि दुसरीत नाही एवढेच दिसते. ती पहिलीने नव्याने घातली की दुसरीने विचारपूर्वक काढून टाकली, हे कळण्यास मार्ग नसतो. आणि ह्या दोन गोष्टींचे अर्थ तर अगदी उलट आहेत. आमचे गुरुजी 'येथपर्यंत' म्हणून बोट ठेवीत, ते ह्याच मूळ कागदावर.

तीन कागद समोर असले की संगणक फरकांची यादी काढून देतो. त्यांतील काही फरक एकट्या शाखेचे असतात. उदाहरणार्थ, पहिल्या शाखेने दाखल्याची नक्कल दप्तरी ठेवण्याची पायरी वाढविली आणि दुसरीने त्या जागेस हातही लावला नाही. असे फरक निमूटपणे स्वीकारावेत. काही फरक दोघींनी सारखेच केलेले असतात. ते एकदाच घ्यावेत, दोनदा घेऊ नयेत. उरतात ते फरक, जेथे दोघींनी एकाच जागी निरनिराळे हात फिरविले आहेत. संगणकाच्या परिभाषेत ह्यास कॉन्फ्लिक्ट म्हणतात. मी त्यास आपल्या भाषेत तंटा म्हणतो.

सुटा तंटा आणि तंट्यांचा गट

आता मुख्य मुद्द्याकडे वळतो. पहिल्या शाखेने वेळ वाचविण्यासाठी फी व ग्रंथालय ह्या दोन्ही तपासण्या एकाच वेळी सुरू केल्या. म्हणजे आरंभी 'दोन्हीकडे जा' हा फाटा आणि अखेरीस 'दोन्ही येईपर्यंत थांब' हा संगम. दुसऱ्या शाखेने वेगळा विचार केला. प्राथमिक वर्गांच्या मुलांना ग्रंथालयाचे खाते नसते. त्यांची केवळ फी तपासावी. वरच्या वर्गांच्या मुलांची फी आणि पुस्तके दोन्ही ग्रंथालयाच्या खिडकीवरच तपासावीत. म्हणजे आरंभी 'एकीकडे जा' हा फाटा आणि अखेरीस 'जे येईल ते सोड' हा संगम.

संगणकाच्या यादीत हे दोन वेगवेगळे तंटे म्हणून उमटतील : फाटा कोणाचा घ्यावा, आणि संगम कोणाचा घ्यावा. यादीत दोन ओळी, प्रत्येकीपुढे 'पहिला' आणि 'दुसरा' अशा दोन कळी. कोणी भला माणूस म्हणेल, "दोघींचाही मान राखू, फाटा दुसरीचा घेऊ, संगम पहिलीचा घेऊ." परिणाम काय होईल? अर्ज एकाच वाटेने जाईल आणि संगमावर दुसऱ्या वाटेच्या कागदाची वाट पाहत बसेल. तो कागद कधीच निघालेला नाही, म्हणून तो कधीच येणार नाही. त्या मुलास दाखला मिळणार नाही. दाखला नाही म्हणून पुढच्या शाळेत प्रवेश नाही. उलट केले, म्हणजे फाटा पहिलीचा व संगम दुसरीचा घेतला, तर दोन्ही कागद एकामागून एक संगमातून सुटतील आणि एकाच मुलाचे दोन दाखले तयार होतील.

लक्षात घ्यावे की ह्यांतील एकही निवड स्वतःपुरती चुकीची नाही. पहिला फाटा चांगला आहे, दुसराही चांगला आहे. दोन्ही संगम चांगले आहेत. चूक आहे ती जोडी तोडण्यात. फाटा आणि त्याचा संगम ह्यांचे नाते दरवाजा आणि त्याची चौकट ह्यांसारखे असते. एका घराचा दरवाजा दुसऱ्या घराच्या चौकटीत बसत नाही, म्हणून कोणी सुतारास दोष देत नाही.

म्हणूनच जे तंटे एकमेकांवर अवलंबून आहेत त्यांचा एक गट बांधावा आणि निर्णय गटाचा घ्यावा : हा सबंध भाग पहिलीचा, किंवा हा सबंध भाग दुसरीचा, किंवा दोन्ही बाजूला ठेवून तिसराच नव्याने लिहिलेला. अर्धा-अर्धा मात्र नाही.

गट कसे ओळखावेत?

मजकुराच्या दोन प्रतींतील फरक ओळीओळीने शोधण्याची साधने संगणकावर १९७० च्या दशकापासून आहेत, आणि २००५ मध्ये आलेल्या 'गिट'मुळे ती आज घरोघरच्या संगणकांवर पोहोचली आहेत. परंतु आराखडा हा ओळींचा नसतो. चित्रातील एक चौकट हलविली की तिच्याकडे येणारा आणि तिच्यापासून जाणारा असे दोन्ही बाण बदलतात. माणसाने केलेला एक बदल संगणकास पाच-सहा बदलांसारखा दिसतो.

ह्यावर झुरिच येथील आयबीएमच्या संशोधनशाळेत चांगले काम झाले. योखेन क्यूस्टर, क्रिस्टियान गेर्थ व त्यांचे सहकारी ह्यांनी २००८ पासून प्रसिद्ध केलेल्या निबंधांत ही रीत मांडली. तिचे सार असे की, आराखड्याचे असे तुकडे पाडावेत, ज्यांत आत शिरण्यास एकच दार आहे आणि बाहेर पडण्यासही एकच. फाट्यापासून त्याच्या संगमापर्यंतचा भाग हा असा एक तुकडा. तुकड्याच्या पोटात लहान तुकडे असू शकतात, जसे वाड्यात चौक आणि चौकात खोल्या. मग बाणांचे सुटे बदल न दाखविता 'हा तुकडा घातला', 'हे काम येथून तेथे नेले' असे अर्थपूर्ण बदल दाखवावेत, आणि कोणता बदल कोणत्यावर अवलंबून आहे हेही सांगावे.

ह्यातून कामाचा क्रम आपोआप ठरतो. प्रथम निर्विवाद बदल घ्यावेत, नंतर दोघांनी सारखेच केलेले. मग गट, आणि तेही बाहेरून आत. वाडाच पाडावयाचा ठरला, तर आतील खोलीच्या रंगाबद्दल भांडण्यात अर्थ नाही. प्रत्येक गट सुटल्यावर यादी पुन्हा काढावी, कारण एका निर्णयाने काही तंटे आपोआप मिटतात, तर काही नवे जन्मास येतात. आणि शेवटी, जुळविलेल्या आराखड्यातून दोन-चार खोटे अर्ज बोटाने चालवून पाहावेत : एक प्राथमिक वर्गाचा, एक वरच्या वर्गाचा, एक फी थकलेला. प्रत्येक अर्ज शेवटास पोहोचला पाहिजे, आणि एकदाच पोहोचला पाहिजे.

माझी एक चूक

हे सारे मी पुस्तकातून शिकलो, असे सांगितले तर ते खरे होणार नाही. फार वर्षांपूर्वी एका कारखान्यातील दोन विभागांच्या माल स्वीकारण्याच्या पद्धती एक करण्याचे काम माझ्याकडे आले. एका विभागात प्रत्येक मालाची मोजणी आणि प्रयोगशाळेतील तपासणी एकाच वेळी होत असे; दुसऱ्यात मालाच्या जातीनुसार दोहोंपैकी एकच होत असे. पडद्यावर तंट्यांची लांबलचक यादी होती, आणि मी ती एका दुपारी, एकेक ओळ वाचून संपविली. दोन्ही विभागांचे अधिकारी समाधानी राहावेत म्हणून काही ओळी ह्याच्या आणि काही त्याच्या मान्य केल्या. त्या तडजोडीचा मला अभिमानही वाटला होता.

काही आठवड्यांनी खोकी पुरविणारा एक लहान व्यावसायिक माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला. माल उतरून घेतला होता, मोजणीची पावती त्याच्या हातात होती. परंतु बिल निघत नव्हते. खोक्यांना प्रयोगशाळेची तपासणी नव्हतीच, आणि माझा संगम त्या न होणाऱ्या तपासणीच्या पावतीची वाट पाहत बसला होता. त्याच्याकडे सात-आठ माणसे कामास होती आणि त्यांचा पगार थकला होता. तो रागावला नाही. चूक कोठे आहे तेवढे सांगा, ती दुरुस्त करून आणतो, एवढेच तो हात जोडून म्हणाला. चूक त्याची नव्हतीच. त्या दिवशी मला कळले की आराखड्यावरच्या हिऱ्याच्या एका चिन्हामागे कोणाच्या तरी घरची चूल असते.

पुन्हा आपल्या प्रांताकडे

हा विचार केवळ संगणकाचा नाही, हे दाखविण्यासाठी मी पुन्हा आपल्या प्रांताकडे येतो. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मध्यभारत, विंध्य प्रदेश, भोपाळ आणि महाकोशल हे भाग एकत्र येऊन नवा मध्य प्रदेश झाला, आणि राजस्थानातील सिरोंजचा भागही त्यास जोडला गेला. प्रत्येक भागाचा जमीनमहसुलाचा कायदा निराळा. महाकोशलात भूमिस्वामी आणि भूमिधारी. आपल्या मध्यभारतात पक्का कृषक, मुआफीदार, इनामदार. भोपाळात नुसता कब्जेदार. विंध्य प्रदेशात पचपन-पैंतालीस कास्तकार, पट्टेदार कास्तकार, बागेचा धारक, तलावाचा धारक. येथे तर सर्वांचा एक मूळ कागदही नव्हता, कारण हे कायदे एकाच झाडाच्या फांद्या नव्हत्या.

२ ऑक्टोबर १९५९ पासून अमलात आलेल्या मध्य प्रदेश भू-राजस्व संहितेने हा गुंता ज्या रीतीने सोडविला, ती रीत अभ्यासण्यासारखी आहे. वारसा महाकोशलच्या पद्धतीने, विक्री मध्यभारतच्या पद्धतीने आणि साऱ्याची आकारणी भोपाळच्या पद्धतीने, अशी वाटणी तिने केली नाही. तिच्या १५८ व्या कलमात प्रत्येक विभागातील ह्या धारकांची नावे विभागवार मांडली आहेत आणि त्या सर्वांस 'भूमिस्वामी' ह्या एकाच वर्गात आणून, त्या वर्गाचे सर्व हक्क आणि सर्व जबाबदाऱ्या एकत्रितपणे लागू केल्या आहेत. हक्क एका कायद्यातून आणि जबाबदारी दुसऱ्यातून, असा प्रकार नाही. ज्यांचे हक्क उणे होते, त्या मौरूसी कृषकांसाठी १८५ वे कलम निराळे केले. म्हणजे आधी जुळणारे ओळखले, मग त्यांचा गट बांधला आणि मग निर्णय गटाला लावला. संगणकाच्या पडद्यावर आपण जे करू पाहतो, ते हेच होय.

ह्या उदाहरणात आणखी एक गोष्ट आहे. कोणत्या जुन्या नावाचे कोणते नवे नाव झाले, हे कायद्याने लिहून ठेविले. त्यामुळे पुढे वाद उपस्थित झाला, तरी मागे जाऊन पाहता येते. आराखडे जुळविणाऱ्यानेही प्रत्येक गटापुढे दोन ओळी लिहाव्यात : काय निवडले आणि का निवडले. संगणक गट बांधून देईल, अडणारी वाट दाखवील. परंतु प्राथमिक वर्गांच्या मुलास ग्रंथालयाच्या खिडकीवर उभे करावे की नाही, हे त्यास ठरविता येत नाही. तो निर्णय शाळेचा आहे, आणि त्याचे उत्तर देण्यास कोणीतरी नावानिशी उभे असले पाहिजे.

विद्यार्थी मित्रहो, आपणांपैकी पुष्कळजण उद्या कारखान्यांत, बँकांत, सरकारी कचेऱ्यांत जातील. कोठे ना कोठे दोन रीती एक करण्याचे काम आपल्या वाट्यास येईलच. दोन भावांची वाटणी करणे आपल्या समाजास चांगले जमते. दोन भावांचे पुन्हा एक घर करणे तेवढे जमत नाही. ते काम हाती आले, तर दोघांस निम्मे-निम्मे देऊन मोकळे होऊ नका. दोघे जेथपर्यंत बरोबर चालत होते, ती जागा आधी शोधा. तेथून पुढे काय कशाशी बांधलेले आहे ते पाहा, आणि जे बांधलेले आहे ते तोडू नका. शेवटी एक अर्ज हातात घेऊन, तो आपल्याच घरच्या माणसाचा आहे असे समजून, त्या वाटेने स्वतः चालून पाहा.

गुरुजींनी आम्हांस हेच शिकविले होते. आम्ही त्यास गणित समजत होतो.